चुकीची ओळ

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे,
कव्हरला मशीनचं तेल.
पंचवीस वर्षं तीत गाणी उतरवली,
म्हणजे जेवढी ऐकू आली तेवढी.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमध्ये
चोवीस मागांच्या खडखडाटात रेडिओ चालू असतो,
गाणं नसतं.
धोटा इकडून तिकडे जाईपर्यंत
मधले काही शब्द निसटतात.
बाकीचे मी घालायचो पदरचे.

आई तेलुगू बोलायची, शाळा मराठी,
मालक शिव्या द्यायचा कानडीतून.
कुठला शब्द कुठल्या भाषेत अडकला
ते मला अजून सांगता येत नाही.

काम टॉवेलचं.
टॉवेलात लॉजची नावं विणायची,
हुबळीचं लॉज, रत्नागिरीचं, कुठलं कुठलं.
सुलट बाजूला नाव नीट, उलट बाजूला आरशातलं.
डागी पीस घरी आणतो
आणि रोज सकाळी तोंड पुसतो
मी कधी न उतरलेल्या लॉजच्या नावाने.

गाण्यांत मी स्वतःला शोधायचो.
हसा, हरकत नाही.
तिथे चंद्र होता, होडी होती
(आमची होडी कंबर तलावातली, तीही तासाच्या भाड्याने),
कुणी परदेशी होता, कुणी पाखरू, कुणी राजा.
किष्टय्या कुठेच नव्हता.

मग एका रात्रपाळीत, दोन वाजून गेले असतील,
एक बाई स्पष्ट म्हणाली:
तू नसशील तर कोण विणेल.
मी माग थांबवला.
धागा तुटला नसताना, पहिल्यांदाच.
ओळ वहीत लिहिली, खाली दोन रेघा मारल्या,
आणि त्या दोन रेघांवर
बरीच वर्षं काढली.

नागमणी गेली. तिचं विड्यांचं सूप
अजून खुंटीला आहे, कात्री त्यातच.
पोरगा पुण्यात. रविवारी फोन.
जेवलात का. जेवलो.
ऊन आहे का. आहे.
मग आम्ही दोघं थोडा वेळ
एकमेकांचा पंखा ऐकतो.

दिवाळीला त्याने इअरफोन ठेवले होते.
वैशाखात एका दुपारी, पारा चव्वेचाळीसवर,
फरशीवर पाणी मारून उघड्या पाठीने पडलो
आणि मोबाइलवर ते गाणं शोधून लावलं.
त्यात बासरी होती. मला माहीतच नव्हतं.
बाईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.
तू नसशील तर कोण म्हणेल.
म्हणेल.
सात वेळा लावलं.
गाणं सुंदर होतं.
माझं नव्हतं.

संध्याकाळी वही काढली, खोडायला.
पेनचं टोपण दातात धरून पानं उलटत गेलो.
बारावं पान, एकतिसावं, शेवटून चौथं.
कितीतरी शब्द आता चुकीचे दिसत होते,
आणि जिथे जिथे चुकलो होतो
तिथे तिथे अक्षर मोठं होतं.
टोपण परत लावलं.

परवा रात्री शेडमधली लाइट गेली.
चोवीस माग एकदम थांबले
की कान आपले राहत नाहीत.
कुणी पाणी प्यायला उठलं, कुणी तंबाखू मळली.
आणि अंधारात चार नंबरच्या मागाकडून
सैपन गुणगुणत होता. बावीस वर्षांचं पोरगं.
तू नसशील तर कोण विणेल.

मी विचारलं, हे कुठे ऐकलंस रे?
म्हणाला,
"तुमीच तो गाते रैते चाचा,
आख्खी रात गाते."

मी गातो?

लाइट आली. माग सुरू झाले.
तो पुढे काहीतरी म्हणाला,
ओठ हलले तेवढं दिसलं.
मी मान डोलावली आणि कांडी बदलली.